चि. मंजूस, ब्रह्मपुरीहून

चि. मंजू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रूमवरच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी शेतावर होतो, आईने घेतला. सलाइन लावली होती, आता बरी आहे, घरी सांगू नका म्हणत होती, असं ती म्हणाली. रागावण्यासाठी लिहीत नाही. फोनवर तू "बरी आहे बाबा, सीन द्यायचाय" एवढं बोलून ठेवतेस, म्हणून कागद घेतला. तब्येतीवर एकच ओळ लिहीन असं आईला कबूल करून बसलोय. ती ही: रात्री झोपत जा. झालं.

आता दिवाळीतलं. भाऊबीजेला तू ताटावरून उठलीस. तुम्ही मालिका लिहिणारे लोक आजीच्या वयाच्या माणसांना रोज रात्री नासकं वाढता, असं मी म्हणालो होतो. शब्द जड होता, मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. तू म्हणालीस, "लोकांना हेच लागतं." तू गेल्यापासून मी त्या वाक्याशीच भांडतोय.

कारण ते वाक्य मला नवीन नाही. वडशाला दिवाळीच्या सुमारास नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडली की दरेक टेबलावर ते ऐकू यायचं. धान निघालं की होळीपर्यंत गावोगाव नाटक, मंडईची जत्रा, दंडारीचा खेळ. मी दिवसा शाळेत आणि रात्री स्टेजसमोर ऑर्गनवर. अकराला पडदा उघडायचा. थंडीत लोक घोंगड्या घेऊन बसायचे, घरोघरी पाहुणे उतरलेले, लेकी माहेरी आलेल्या, सोयरिकीही त्या मांडवातच ठरायच्या. तू चार-पाच वर्षांची असशील. ऑर्गनच्या पेटीमागे माझी शाल अंथरून तुला निजवायचो आणि खलनायक हसला की तू दचकून उठायचीस. एकदा उठलीस ती थेट स्टेजच्या कडेला जाऊन उभी राहिलीस आणि प्रॉम्प्टरने सांगितलेलं वाक्य नटाच्या आधी मोठ्याने म्हणालीस. सगळा मांडव हसला. नटही हसला, पुढचं विसरला. सुधाकाका आजही ती गोष्ट सांगतात. त्यांचं काय झालं ते आई फोनवर सांगेल.

मी काय सांगत होतो? हां, लोकांना हेच लागतं. शंकरपटावर, बैलांच्या शर्यतींवर, 2014 साली बंदी आली आणि पटाच्या गर्दीवर चालणारे कितीतरी प्रयोग बसले. 2021 च्या शेवटी पट पुन्हा सुरू झाले, तेव्हा काही गावांत नाटकाआधी 'डान्स हंगामा' आला. कोणी आणला? गावातलं मंडळ म्हणे कंपनीने सुचवला, कंपनी म्हणे मंडळाने मागितला, दोघंही म्हणत लोकांना लागतं. मी तिथेच बसलेलो असायचो ना. बायका उठून बाहेर जाऊन थांबायच्या आणि नाटक सुरू झालं की परत येऊन बसायच्या. त्यांनीही तिकीट काढलेलं होतं. गल्ल्यात पडलेला पैसा बघून कोणाला कळणार की तो कशासाठी पडला?

तुझ्याकडेही तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, त्या दिवशी तुझा आवाज वेगळा असतो, आईला तो लगेच ओळखू येतो. 2020 मध्ये त्या आकड्यांचा घोटाळा गाजला तेव्हा पेपरात वाचलं होतं की मोजायची यंत्रं अख्ख्या देशात 44 हजारांच्या आसपास घरांत आहेत. त्यात आपल्या भागातली किती, कोणाची, हे गुप्त. यंत्राला एवढंच कळतं की संचावर अमुक चॅनल चालू होता आणि कोणीतरी बटण दाबलं. आजी आठ वाजता टीव्ही लावते कारण तेव्हा तिचं जेवण असतं आणि घरात कोणीतरी बोलत असलेलं तिला बरं वाटतं. निम्म्या वेळा तिचा डोळा लागलेला असतो. बंद केला की मात्र जागी होते. आता हिला हेच लागतं, असं त्या आकड्यावरून ठरवणारा माणूस कोण, मला एकदा भेटव.

वाईट करमणूक काही आज सुरू झाली, असं मी म्हणत नाही. आबा म्हणायचे बोलपटांनी नाटक बुडवलं. आम्हाला दादा कोंडक्यांचे सिनेमे बंद होते, आणि आबा स्वतः चंद्रपूरला कोर्टाच्या कामाला गेले की कुठे जायचे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण त्या पांचट विनोदाखाली कोंडक्यांचं नाव होतं. आवडलं तर त्यांना, शिव्या द्यायच्या तर त्यांनाच. तुमच्याकडे नाव कोणाचं? तू म्हणतेस वन लाइन, म्हणजे भागात काय घडायचं ते, चॅनलकडून येते, चॅनल आकड्यांकडे बोट दाखवतं, आकडे आजीकडे. आणि आजी म्हणते, "दुसरं लागतेच का काही?" सगळे निर्दोष.

माझं उत्तर विचारशील तर दोष शेवट काढून घेणाऱ्याचा आहे. दूरदर्शनवर 13 भाग मंजूर व्हायचे, तेराव्यात गोष्ट संपवावी लागे. आमचं नाटक उजाडायच्या आत संपवावं लागे, कारण लोकांना घरी जाऊन गुरं सोडायची असत. खलनायकाला पहाटेपर्यंत शिक्षा व्हायचीच. तुमच्या गोष्टीला आकडे आहेत तोवर संपायची परवानगी नाही, म्हणून सासूला सुधारता येत नाही, लग्न लागता लागता मोडतं, मेलेला माणूस दाढी वाढवून परत येतो. त्यात लेखकाची अक्कल कमी पडत नाही. बृहस्पतीचं डोकं दिलं तरी रोज बावीस मिनिटं, आठवड्याला सहा-सहा दिवस, वर्षानुवर्षं कोण पुरवेल? आणि जी पुरवते तिला सलाइन लागते.

बघ, पुन्हा तिथेच आलो. तू म्हणशील, बाबा तुम्ही तरी कुठे झोपत होता, रात्रभर ऑर्गन आणि सकाळी परिपाठ. खरं आहे. पण आमचा सीझन होळीला संपायचा. मग उन्हाळाभर मी मेल्यासारखा झोपायचो, आईला विचार. तुझी होळी कधी येते? एपिसोडची बँक, आधीच तयार करून ठेवलेले भाग, कधी असते का, की रोज रात्री लिहिलेलं सकाळी सेटवर? आणि पैसे नव्वद दिवसांनी. धानाचे चुकारे उशिरा येतात म्हणून आम्ही सरकारला शिव्या देतो, तुमचं तर त्याहून कठीण. हिमोग्लोबिन किती आलं ते तू सांगितलं नाहीस. रिपोर्ट दादाला पाठव, तो नागपूरला डॉक्टरांना दाखवेल.

आणि वन लाइन कोणाचीही असो, पात्राच्या तोंडातला शब्द तुझा असतो. तिथे तरी आळस करू नको, ठरीव वाक्यं टाकू नको, लिहिणाऱ्याने... असो. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी फळा दिसला की मी उभा राहतो. माफ कर. तू दमून आलेली असशील आणि वर बापाचं हे.

खरं सांगू? मागच्या महिन्यात तुझ्या मालिकेत ती म्हातारी आत्या रात्री गोळ्या मोजते ना, सकाळच्या डबीतली एक काढून संध्याकाळच्या डबीत टाकते, आणि कोणी विचारलं की "उद्यासाठी राहू दे" म्हणते. कोणी किंचाळलं नाही, ढोल वाजला नाही. मी आईला म्हणालो, हा सीन मंजूचा. आजीला कळलंच नाही की ती टीव्हीवर आहे, उलट म्हणाली, "अशीच करते माय, पैसे वाचवते बिचारी." मोबाइलवर तो भाग पुन्हा लावला, नावं येतात तिथे थांबवला. संवाद, आणि पुढे तू. फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. तुला सांगणार नव्हतो. तसा सीन पुढच्या आठवड्यात आला नाही, मी वाट बघत होतो. तुझ्याकडून काढून टाकायला लावला असेल तर लिही. तू स्वतःच दमून लिहिला नसशील तर मात्र मला जास्त काळजी वाटेल.

वडशाचे एक कंपनीवाले विचारत होते, पुढच्या सीझनला पोरगी नाटक देईल का. तीन अंक, प्रयोगामागे रोख. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मुंबई सोडून ये असंही माझं म्हणणं नाही. तिथे तू स्वतःच्या हिमतीवर उभी आहेस, ते मी गावभर सांगत फिरतो. उन्हाळ्यात पंधरा दिवस सुटी मागून बघ. देत नसतील तर कोणत्या शब्दांत नाही म्हणतात ते मला कळव.

आईने लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी बांधून ठेवली आहे, दादासोबत पाठवतो. थोडे पैसे खात्यात टाकलेत, परत पाठवायचे नाहीत.

तुझा,
बाबा

ता.क. तुझ्या मालिकेतली ती धाकटी सून जिन्यावरून पडली, ती वाचते का? आजी विचारते आहे. मला सांगितलंस तरी मी तिला सांगणार नाही. आई म्हणते मलाच जाणून घ्यायचंय, तसं काही नाही.