ग्रीस कुठं लावायचं नाही, हे शिकवणाऱ्या मिस्त्रीमामांना

आदरणीय मिस्त्रीमामा यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही तुमची विद्या आमच्यापुरती कधी ठेवली नाही. शेडमध्ये चहा पीत उभा असलेला ड्रायव्हर कुणाचा का असेना, तुम्ही त्याला गाडीखाली नेऊन दाखवता. मग तुमचे आभारही चार गाडीवाल्यांसमोरच मानले पाहिजेत.

आमच्या दोन्ही गाड्या, म्हणजे मालट्रक, कुंभार्ली घाटाच्या. कराडहून साखर, धान्य, पेंड भरायची, पाटण, कोयनानगर, हेळवाक करत घाट उतरून चिपळूण गाठायचं, आणि येताना जांभ्याचा चिरा. एका गाडीवर आमचे हे, दुसरीवर धाकटे दीर. भाड्याचा हिशेब, टायर, इन्शुरन्स, पासिंग माझ्याकडे. घरातली दोन माणसं भरल्या गाडीनं तो उतार उतरतात, त्यामुळे ब्रेकचं काम माझ्यासाठी नुसता खर्चाचा रकाना कधीच नव्हता.

तुमची ओळख झाली ती गाडी ब्रेक मारताना उजवीकडे ओढू लागली म्हणून. आधी दुसऱ्या एका गॅरेजला ग्रीसिंग करून घेतलं होतं, आणि तिथं सांगितलं की अलाइनमेंट गेली. तुम्ही अलाइनमेंटचं नाव काढलं नाही. डावं पुढचं चाक उतरवलं, ड्रम काढला आणि लायनरवरून, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवरून, बोट फिरवून ते आमच्यासमोर धरलं. काळं, चिकट, जळका वास येणारं. कॅम शाफ्टचं, म्हणजे फिरून लायनर ड्रमवर दाबणाऱ्या दांड्याचं, आतलं सील फाटलेलं, आणि हवेच्या गननं इतकं ग्रीस मारलेलं की ते थेट ड्रममध्ये उतरलं होतं. डावा ब्रेक पकडत नव्हता, उजवा पकडत होता, म्हणून गाडी उजवीकडे जात होती. "डिझेलनं धुऊन बसवा," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तुम्ही जवळजवळ रागावलात. लायनर एकदा तेल प्यायला की वरून कितीही पुसा, गरम झाल्यावर ते पुन्हा बाहेर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर नवे टाकायला लावलेत, कारण एकाच एक्सलवर एक बाजू नवी, एक जुनी ठेवली तर ओढणं राहतंच.

बाकीचे मिस्त्री ग्रीस मारतात. तुम्ही ग्रीस कुठं जायचं आणि कुठं जायचं नाही हे दाखवलंत, आणि तेही ज्यांना रस्त्यावर एकटं राहायचं आहे त्यांना. दीर आज जे करतात ते तुमच्या हाताची नक्कल आहे, इतकं मी बघितलंय. आधी निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, चिंधीनं पुसायचं, नाहीतर गनचं पहिलं दाबणंच माती आत ढकलतं. मग हातगनंच, हळूहळू. कॅम शाफ्ट ज्यात फिरतो त्या कॅम बुशला ग्रीस देताना नजर स्लॅककडच्या टोकाला. स्लॅक म्हणजे कॅम शाफ्ट फिरवणारा आणि ब्रेकचा ढिलेपणा काढणारा दांडा. तिथून जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसलं की थांबायचं. तेच ड्रमच्या बाजूनं डोकावायला लागलं तर गन बाजूला ठेवायची आणि सील बदलायचं. स्लॅकला त्याच्या निप्पलमधून, जुनं बाहेर पडेपर्यंत. काळं मॉली ग्रीस ऑटो स्लॅकमध्ये, म्हणजे ढिलेपणा आपोआप काढणाऱ्या स्लॅकमध्ये, चालत नाही, कारण आतला क्लच घसरला की स्लॅक स्वतःला घट्ट करायचं सोडून देतो. आणि एकावर एक भलतंसलतं ग्रीस भरायचं नाही. लिथियमचं २ नंबर धरलं तर तेच कायम.

रोलरची गोष्ट तर मला फारच आवडली. लायनर ज्यावर बसतो त्या ब्रेक-शूच्या टोकाला तो रोलर असतो, कॅमवर फिरणारा. माझ्यासारख्या माणसाला वाटणार की जिथं लोखंडावर लोखंड येतं तिथं ग्रीस हवंच. तुम्ही म्हणालात, रोलर शूमध्ये ज्या खाचेत बसतो तिथं बोटभर लावा. कॅमला टेकतो त्या तोंडाला मात्र अजिबात नाही. तिथं ग्रीस लागलं तर रोलर फिरायचं सोडून घसरतो, एकाच जागी झिजून चपटा होतो, आणि चपटा रोलर ब्रेक अडखळत लावतो. तसा एक जुना रोलर तुम्ही फळीवर ठेवलेला आहे. तो हातात घेतला की पुढं काही समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं म्हणजे स्लॅकचा बोल्ट. रस्त्यावर सगळ्यांची सवय अशी की ब्रेक लांब गेला की पाना लावायचा, बोल्ट आवळायचा आणि निघायचं. जुन्या हाताच्या स्लॅकला ते ठीक. ऑटो स्लॅक असून ब्रेक पुन्हा पुन्हा ढिला पडत असेल, तर बोल्ट आवळून दुखणं झाकलं जातं, असं तुम्ही परोपरीनं सांगता. स्लॅक तरी गेलेला असतो, नाहीतर कॅम बुश खाल्लेला किंवा स्लॅकला जोडणारी क्लेव्हिस पिन झिजलेली. आमच्या एका गाडीला बुशच निघाला. शाफ्ट हातानं वरखाली हलत होता.

आणि मोजायला शिकवलंत, ते सगळ्यात मोलाचं. सपाट जागा, चाकांना ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद, टाकीत ६ ते ७ बार हवा. बूस्टरच्या, म्हणजे हवेच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी स्लॅकला ढकलणाऱ्या पुश रॉडवर खडूची रेघ मारायची, एकानं केबिनमध्ये ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली रेघ किती सरकली ते पट्टीनं बघायचं. साध्या ३० नंबरच्या बूस्टरला २ इंच ही शेवटची हद्द. दिरांच्या टूलबॉक्समध्ये उदबत्तीच्या पुड्याशेजारी आता खडू आणि पट्टी असते.

याचं कारण तुम्ही सांगितलंत तेव्हा अंगावर काटा आला होता. घाटात ब्रेक तापतो, तसा ड्रम फुगतो, त्याचा घेर वाढतो, लायनरला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त लांब जावं लागतं. थंड असताना कराडच्या नाक्यावर जेमतेम हद्दीत बसणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर हद्द ओलांडतो. रॉड बूस्टरच्या टोकाला जाऊन थांबतो, गेजवर हवा पूर्ण असते, आणि तरी गाडी थांबत नाही. म्हणून घाटाच्या तोंडाशीच खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यानं किंवा इंजिन बंद केल्यानं काय होतं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, एक्झॉस्ट ब्रेकही नाही, आणि टाकीत उरलेली हवा हाच काय तो आधार. हे तुम्ही तरुण पोरांना ज्या कळकळीनं सांगता, ते ऐकावं.

हवेच्या टाकीचं पाणी रोज काढणं, पावसात ते जास्त निघणं, पाण्याबरोबर तेल आलं तर कॉम्प्रेसरकडे बघणं, हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदलणं, हे आता घरात नेमाचं झालंय. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपनं उडवू न देता ओल्या फडक्यानं पुसायला लावता, तेही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा आणि तो छातीत बसतो, हे माझ्या कानावर पहिल्यांदा तुमच्याकडूनच पडलं.

पण ज्यासाठी मुद्दाम पेन उचललं ती गोष्ट कोयनानगरची. भर पावसात, रात्री. ह्यांनी घाटाआधी थांबून तुम्ही सांगितलेली तपासणी केली, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरला, तर हवेच्या गेजचा काटा खाली येत राहिला आणि मागच्या डाव्या बूस्टरमधून हवा सुटल्याचा आवाज. तुम्हाला फोन लावला. तुम्ही झोपेतून उठून पहिलं वाक्य बोललात, "गाडी खाली सोडायची नाही. माल गेला खड्ड्यात." आणि दुसरं, "बूस्टरला हात लावू नका." मागच्या बूस्टरमध्ये हँडब्रेकची ती स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिची क्लॅम्प खोलली तर माणूस जागच्या जागी जातो, हे तुम्ही आधीच बजावलेलं होतं. सकाळच्या एसटीनं तुम्ही पिशवीत डायफ्राम, म्हणजे बूस्टरमधला रबरी पडदा, घेऊन आलात. आधी लांब बोल्ट घालून स्प्रिंग आवळून बांधलीत, मगच पुढची बाजू उघडलीत. चिखलात पोत्यावर झोपून केलेल्या त्या कामाचे तुम्ही डायफ्रामचे पैसे तेवढे घेतलेत. एसटीच्या तिकिटाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

मामा, त्या रात्री आमचे हे घाटाच्या अलीकडे थांबले, ते तुम्ही त्यांना कान आणि काटा दोन्ही वापरायला शिकवलं होतं म्हणून. त्याचे पैसे कुठल्याच बिलात आले नाहीत. आमच्या घरातल्या सगळ्यांकडून, सासूबाईंकडून तर विशेष, तुमचे मनापासून आभार. मामींनी त्या दिवशी तुमच्याबरोबर भाकरी-ठेचा पाठवला होता, त्यांचेही.

दुसऱ्या गाडीच्या पुढच्या कॅम बुशात थोडा खेळ जाणवतोय, असं दीर म्हणतात. पुढच्या सोमवारी ती रिकामी असेल, तेव्हा सकाळीच शेडवर आणतो. दीर स्वतः खोलणार म्हणतात, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.

आपली नम्र,
एक गाडीमालकीण, कराड