तुम्ही मला ओढलं नाहीत, सिस्टर

प्रिय सिस्टर,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच ‘जेवलीस का?’ विचारता आणि विषय संपवता. म्हणून लिहून काढतेय. तेही उघडपणे, कारण आमच्या पॅरिशमधल्या मुली हल्ली मला तेच विचारतात जे मी तुम्हाला विचारत होते. देव बोलावतोय हे कळायचं कसं?

सगळ्यात आधी आभार याचे, की तुम्ही मला तुमच्या संघात, म्हणजे सिस्टरांच्या संस्थेत, ओढलं नाहीत. तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये काठी टेकत चालणाऱ्या सिस्टर जास्त, जिने भराभर चढणाऱ्या कमी. अशा घरात गोव्यातल्या वेर्ण्याच्या कंपनीत लॅबमध्ये काम करणारी, चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी, वसईची एक धडधाकट मुलगी आपल्या पायांनी येते आणि म्हणते, मला व्रत घेऊन सिस्टर व्हायचंय. दुसऱ्या कुणी त्याच दिवशी फॉर्म पुढे केला असता. तुम्ही चहा पुढे केलात. डिचोलीच्या मराठी शाळेत शिकलेल्या तुमच्या त्या मराठीत म्हणालात, “आमची गरज बघून येऊ नको गो बाय. तुला बोलावतोय कोण, ते आधी बघू.”

देव रात्री हाक मारतो ती बायबलमधली शमुवेलाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, पण कायम शमुवेलाच्या बाजूने. तुम्ही ती एलीच्या बाजूने सांगितलीत. डोळे अधू झालेला म्हातारा याजक, स्वतःचे मुलगे हाताबाहेर गेलेले. पोरगं रात्री तीनदा धावत येतं, ‘तुम्ही हाक मारलीत ना?’ हो म्हणून पाय चेपून घेतले असते तरी त्या पोराला कळलं नसतं. एली म्हणतो, मी नाही मारली, जा झोप. आणि तिसऱ्यांदा उमगल्यावर सांगतो, आता हाक आली तर म्हण, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ “माझं काम एवढंच,” तुम्ही म्हणालात, “तुला परत झोपायला पाठवायचं.” आणि खरंच पाठवलंत. वसईला, आईशी बोलायला. आई तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघत होती. ते बोलणं कसं झालं ते इथे नको.

मग ती वही, काय केलं आणि नंतर मनात काय उरलं ते लिहायची. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्याबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं. १५२१मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, लोयोलाच्या घरी अंथरुणावर पडून होते. वाचायला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, घरात होतं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र सरल्यावरही आनंद ठेवून जायचा. हे मला परीक्षेला लिहिता आलं असतं. तुम्ही ते शनिवारी करायला लावलंत.

वरच्या मजल्यावर त्या नव्वदीच्या सिस्टर, ज्यांना आता कोण आलं कोण गेलं कळत नाही, त्यांची नखं कापायची. कोमट पाण्यात हात भिजवून ठेवायचा, नाहीतर नख तडकतं. त्या मला ‘फिलोमेना’ म्हणायच्या आणि कुठल्यातरी जुन्या चोरीबद्दल रागवायच्या. एकदा टबच उलटवला. रात्री वहीत लिहिलं: ‘नखं कापली. चिडले. आता बरं वाटतंय.’ त्याच पानावर वर फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) मिस्साची नोंद होती: ‘सोलो गायले, सगळ्यांनी कौतुक केलं, फादरनीसुद्धा. संध्याकाळी उगाच उदास.’ तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही नोंदी वाचल्यात आणि काहीच बोलला नाहीत. फक्त विचारलंत, सोमवारी लॅबमध्ये कसं होतं? मला उत्तर देता आलं नाही, कारण सोमवारी मी बघितलंच नव्हतं. त्यानंतर सोमवारची नोंदही सुरू झाली. मन पार खचलेलं असताना मी एकदा सगळं सोडते म्हणाले, तेव्हा तुम्ही इग्नेशियसांचाच नियम काढलात: अशा दिवसांत आधीचा निश्चय बदलायचा नाही, प्रार्थना थोडी वाढवायची.

‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य लोक आजकाल दूधवाल्याचा हिशोब सांगावा इतक्या सहज बोलतात. तुमच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलं नाही. मी घाई करायचे तेव्हा तुम्ही चर्चचा नियम सांगायचात: नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा शिकाऊ काळ, किमान १२ महिने, पुढे तात्पुरती व्रतं किमान ३ वर्षं, आणि त्या काळात संघही मुलीला पारखत असतो. बोलावणं एकट्या मुलीच्या मनात ठरत नाही, समोरच्यांनाही ते दिसावं लागतं. मला हे तेव्हा जाचक वाटायचं. आता त्याचा आधार वाटतो.

आणि सांकवाळ. मी वेर्ण्याला राहून तिथे कधी गेले नव्हते, तुम्ही नेलंत. जुन्या चर्चची तेवढी दर्शनी भिंत उभी, मागे काही नाही. तिथे उन्हात उभं राहून तुम्ही सतराव्या शतकातले गोव्याचे धर्मगुरू संत जोसेफ वाझ यांच्याबद्दल बोललात, पण त्यांच्या चमत्कारांबद्दल नाही. १६७७मध्ये त्यांनी स्वतःला मरियेचा दास म्हणून लिहून दिलं. जायचं होतं श्रीलंकेला, जिथे डचांच्या अमलात कॅथलिकांना धर्मगुरू उरला नव्हता. वरिष्ठांनी १६८१मध्ये पाठवलं कॅनरात, म्हणजे आजच्या किनारी कर्नाटकात. तिथे कामाबरोबर अधिकाराचे वादही वाट्याला आले. तरी ‘माझं खरं बोलावणं दुसरीकडे आहे’ म्हणत ते बसून राहिले नाहीत. काम केलं, परतले, ओरेटरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या एका संघात गेले, आणि १६८७मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेत जाफन्याला पोहोचले. “सहा वर्षं थांबूनसुद्धा ती हाक जिवंत राहिली,” एवढं म्हणून तुम्ही छत्री उघडलीत.

बातमी तुम्हाला फोनवर दिलीच आहे, पण इथेही लिहिते. पुढच्या महिन्यात मी ‘या आणि पाहा’ शिबिराला जातेय, तुमच्या नाही, दुसऱ्या संघाच्या. आजाऱ्यांची सेवा करणारा संघ आहे, शनिवारच्या नोंदी वाचून तोच सुचला. घेतील की नाही ते त्यांच्या हातात, आणि मी राहीन की नाही तेही अजून उघडंच आहे. हे ऐकून तुम्ही हसलात आणि विचारलंत, तिथे मासे मिळतात का? मिळतात, मी चौकशी केलीय.

शनिवारी मी नसेन तेव्हा वरच्या सिस्टरांची नखं आमच्या कॉयरमधली एक मुलगी कापायला येईल. तिला पाणी कोमट करायला सांगितलंय. तिलाही त्या फिलोमेनाच म्हणतील, हेही सांगून ठेवलंय.

तुमची,
वेर्ण्यातली वसईकरीण