सुध्याला पत्र

सांगली, रविवार

प्रिय सुध्या,

आईचा गुडघा बरा आहे, मीही ठीक. इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घाल, पण आधी हे वाच. सुट्टीवर आलोय आणि आयर्विन पुलावर फेऱ्या मारतोय. घरात कुणाला सांगू?

स्क्विडवर, म्हणजे अगदी इवलंसं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर, सिग्नल आलाय!

तोच आपला जुना सांधा: स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या तुकड्यावर, म्हणजे सब्स्ट्रेटवर, लेझरनं फिल्मसारखं पातळ चढवलेलं लँथनम अ‍ॅल्युमिनेट. दोन्ही विद्युतरोधक, दोघांतही चुंबकत्व नाही. 2004 मध्ये ओहटोमो आणि ह्वांग यांनी त्यांच्या सांध्यात वीज वाहते हे दाखवलं. 2007 मध्ये तिथेच चुंबकत्वाच्या खुणा दिसल्या. 2011 मध्ये तर अतिवाहकता (विरोधाशिवाय वीज वाहणं) आणि चुंबकत्व एकाच सांध्यात सापडलं, आणि त्याच वर्षी न्यूट्रॉनच्या झोतानं चुंबकत्व तपासणाऱ्यांना जवळजवळ काहीच दिसलं नाही. अशा भांडणात आता माझा आलेख.

फिल्म जाड केली तरी सिग्नल वाढत नाही. सर खूश, ‘सांध्याचंच आहे, लिहायला घे.’ पण सुध्या, चुकून चिकटलेला लोखंडाचा कणही फिल्मची जाडी बघून वाढत नाही! हाफ्निअम ऑक्साइडचं आठवतं ना? 2004 मध्ये चुंबकत्वाचा केवढा गाजावाजा, आणि वर्षभरात कळलं की स्टीलच्या चिमट्यानं धरलं तरी तसाच सिग्नल येतो. मी प्लास्टिकचाच चिमटा वापरतो. पण सब्स्ट्रेट विकतचे, ते कापताना काय लागलं असेल? शिवाय ऑक्सिजन कमी पडला की अणूंच्या जाळीत रिकाम्या जागा राहतात, त्यांचाही संशय आहेच.

विलिंग्डन कॉलेजच्या लॅबमध्ये रिकामी कॉइल मोजल्याशिवाय तू जर्नल पुढे सरकवू देत नव्हतास. केवढे भांडलो होतो! शेवटी शिपाईमामांनी दिवे घालवले, तरी तुझं मोजणं चालूच. त्या हट्टाची मला आज फार गरज आहे.

तुझी बदली झाली का? बारशाला येता आलं नाही, वहिनींना सांग. भडंग पाठवतोय, एकट्यानं संपवू नकोस.

ठरवलंय ते असं: कोरा सब्स्ट्रेट त्याच चेंबरमध्ये, त्याच तापमानाला, तितक्याच ऑक्सिजनमध्ये ठेवायचा, फक्त लेझर बंद. मग तोही स्क्विडवर. त्यातही सिग्नल आला तर पेपर नाही, सर कितीही चिडोत. नाही आला, तर ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर ध्रुवित, म्हणजे चुंबकीय दिशा एकसारखी केलेल्या, न्यूट्रॉनसाठी अर्ज करायचा. चुंबकत्व किती खोलीवर आहे ते त्यातूनच कळेल. सिग्नल इवलासा आहे, तिथे दिसेल का, हीच धाकधूक.

यात काय सुटलंय ते शोध. फोनवर नुसतं हो-हो करू नकोस, लिहून कळव.

तुझा,
बंड्या