परवानगी गृहीत धरून: फोर्टमधल्या टायपिस्ट काकांना पत्र

ती. काका,
सा. नमस्कार.

मागच्या मंगळवारी एका जमिनीच्या अपिलात मी उच्च न्यायालयात उभी राहिले. न्यायमूर्तींनी मला एकदाच थांबवलं, तेही पान क्रमांक विचारायला. बाहेर आल्याबरोबर तुम्हाला सांगायचं होतं, पण तुमच्या टेबलापुढे माणसं उभी होती. म्हणून हे पत्र.

बीड जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात मी सहा वर्षं वकिली केली, हे तुम्हाला माहीत आहे. १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी. ‘मे. कोर्टास विनंती की’ ही सुरुवात माझ्या हाताला इतकी बसलेली, की त्या ‘मे.’मध्ये मेहेरबान लपलाय हेही विसरायला व्हायचं. मुंबईत आले आणि घटनेचं ३४८वं कलम समोर उभं राहिलं: उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. कायदा येत होता, निवाडे पाठ होते. येत नव्हतं ते एवढंच, की समोर न्यायमूर्ती विचारात असताना मध्ये शिरायचं कसं.

पहिल्याच महिन्यात मी ‘लेट मी स्पीक’ म्हणाले. मनात होतं ‘मला बोलू द्या’, गावाकडे काकुळतीने म्हणतात तसं. इंग्रजीत तो हुकूम झाला. न्यायमूर्ती काही बोलले नाहीत, फक्त पेन खाली ठेवलं. प्रकरण दोन आठवडे पुढे गेलं. माझा अशील रात्रभर एसटीत बसून आला होता, त्याला काय झालं ते कळलंच नाही.

त्याच संध्याकाळी प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला मी तुमच्याकडे आले. तुम्ही मान वर न करता विचारलंत, ‘आज काय झालं?’ तुम्ही तीस वर्षं न्यायमूर्तींचे स्टेनो होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. निकाल तुम्ही टिपून घेतलात, पण युक्तिवाद तेव्हा कुठे टिपला जात नसे. तो तुमच्या कानात राहिला.

तुम्ही सांगितलंत, ‘इफ आय मे’ म्हणा. मी म्हटलं, हे तर अर्धवट वाक्य आहे. मुभा असेल तर, पण कशाची? तुम्ही म्हणालात, तिथेच तर खुबी आहे. ‘मे आय?’ विचारलं की न्यायमूर्तींना हो किंवा नाही म्हणावं लागतं. कामात असलेल्या माणसाला तुम्ही आणखी एक काम लावता. ‘इफ आय मे’ला उत्तर नको असतं. त्यांनी गप्प राहिलं की परवानगी झाली. मग तुम्ही पंगतीचा दाखला दिलात, तो मी आजही रोज वापरते: वाढणारी बाई ‘वाढू का?’ म्हणून दारात थांबत नाही. ती ‘वाढते हं’ म्हणते, वाकते, आणि पानावर आडवा हात धरायला क्षणभर वेळ ठेवते. ‘इफ आय मे’ म्हणजे तो ‘हं’. नंतर अर्धा श्वास थांबायचं, तो श्वास गाळायचा नाही. तो खाल्ला तर शब्द नुसते शिष्टाचाराचे उरतात.

तो अर्धा श्वास शिकायला मला दोन महिने लागले. तुम्ही टंकयंत्राच्या दिवसांतली जुनी लाकडी पट्टी टेबलावर हलकेच वाजवून मला थांबवायचात.

‘विथ युवर लॉर्डशिप्स लीव्ह’ची गोष्ट तर मी आता ज्युनिअर मुलींनाही सांगते. तुम्ही विचारलंत, परवानगीला लीव्ह आणि सुट्टीलाही लीव्ह, असं का? मी गप्प. तुम्ही म्हणालात, लीव्हचा मूळ अर्थच परवानगी, सुट्टी नंतर आली, कारण ती मागून घ्यावी लागते. आणि आपली रजा? तीही अरबी-फारसीतून आलेली, मूळ अर्थ संमती. राजी आणि राजीनामा तिचीच भावंडं. पाहुणा ‘रजा घेतो’ म्हणतो तेव्हा सुट्टी घेत नसतो, निघायची परवानगी घेत असतो. ज्या भाषेला मी दोन वर्षं घाबरले, तिने आणि माझ्या भाषेने एकच वाट चालली होती! त्या दिवशी माझी भीती खरोखर कमी झाली.

‘मे इट प्लीज’ने बोलणं सुरू करायचं आणि निर्णय विरुद्ध गेला तरी ‘ॲज युवर लॉर्डशिप प्लीजेस’ म्हणून बसायचं. हे प्लीज म्हणजे ‘कृपया’ नव्हे, मर्जी होणं, हेही तुमच्याचकडून कळलं. ‘विथ रिस्पेक्ट’ आपण असहमत असताना म्हणायचं, आणि ‘विथ ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ जपून ठेवायचं. न्यायमूर्तींना लॉर्डशिप म्हणण्याबद्दल आपलं एकमत झालं नाही. वकिलांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्येच ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ म्हणा असा नियम केला, आणि मला तेच पटतं. तुम्ही हसून म्हणालात, संबोधन बदला, श्वास बदलू नका.

मंगळवारी समोरचे ज्येष्ठ वकील ताबा कुणाचा ते सांगत होते आणि सातबाऱ्यावरची एक फेरफार नोंद राहून जात होती. मी उठले. ‘इफ आय मे.’ थांबले. न्यायमूर्तींनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पान सांगितलं. अंतरिम आदेश मिळाला, अशिलाचं पेरणीचं रान तूर्त त्याच्याकडे राहिलं. तो या वेळी निकालाच्या आधीच मला म्हणाला, ‘ताई, आज तुम्ही बोललात ते समजलं.’ त्याला इंग्रजी येत नाही.

तुम्ही माझ्याकडून टायपिंगखेरीज एक रुपया घेतला नाहीत. शिकवणीचं नावही काढू दिलं नाहीत. मनापासून आभार, काका.

हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे, त्याची परवानगी मी गृहीत धरली आहे. तुमचं नाव मात्र घातलेलं नाही. ते विचारायला सोमवारी येते.

तुमची,
पानं उलटी लावून आणणारी वकीलताई