२३ एप्रिलचा गुलाब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मावळातून 'व्हॅलेंटाइन'साठी परदेशी निघालेल्या गुलाबांची बातमी आपल्या अंकात फेब्रुवारीत हमखास असते. मी मूळची तळेगावची, आता इंग्लंडात लेस्टरला एका फुलांच्या दुकानात कामाला. त्यामुळे ती बातमी मी चुकवत नाही. त्याच गुलाबाचं इथे एप्रिलमध्ये काय होतं, ते मराठी वाचकांना सांगावंसं वाटलं.

गुलाब हे इंग्लंडचं राष्ट्रीय फूल. गादीसाठी आपसात लढणाऱ्या दोन राजघराण्यांची ही खूण: लँकेस्टर घराण्याचा लाल, यॉर्कचा पांढरा. लेस्टरपासून जवळच बॉसवर्थला १४८५ मध्ये शेवटचा यॉर्क राजा, तिसरा रिचर्ड, लढाईत पडला. लँकेस्टरच्या बाजूने जिंकलेल्या सातव्या हेन्रीने पुढच्या वर्षी यॉर्कच्याच एलिझाबेथशी लग्न केलं आणि दोन्ही गुलाब एकात एक बसवून राजचिन्ह करून टाकलं. २३ एप्रिलला, म्हणजे इंग्लंडचा रक्षक संत सेंट जॉर्ज याच्या दिवशी, कोटाला लाल गुलाब लावायची इथे रीत होती. आता त्या दिवशी 'बटनहोल', म्हणजे कोटाच्या काजात लावायचं फूल, मागायला येतात ती चार-दोन वयस्क मंडळी. फ्युझिलियर्स पलटणीचे सैनिक त्या दिवशी टोपीत लाल-पांढरे गुलाब अजून खोवतात. रग्बी संघाच्या जर्सीवरही गुलाब आहे. सामान्य माणसाच्या छातीवरून मात्र तो गेलाच.

खापर फुटतं आम्हा बाहेरून आलेल्यांवर. "तुमची दिवाळी रस्ताभर होते, आमचा सेंट जॉर्ज कुठे गेला?" असं एका गिऱ्हाइकाने मला तोंडावर ऐकवलं. हे काही मला पटत नाही.

मुळात इथल्या बागेत गुलाब फुलतो जूनमध्ये. एप्रिलमध्ये झाडावर नुसती कोवळी पालवी असते. वेल्सच्या लोकांचं बरं आहे, १ मार्चला, त्यांच्या संताच्या दिवशी, त्यांचे राष्ट्रीय फूल डॅफोडिल ऐन बहरात असतात. दारातलं तोडा आणि लावा. इंग्रजाला आपलं राष्ट्रीय फूल विकत आणावं लागतं, तेही बहुधा केनियाहून आलेलं! युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ छातीला लावायची नोव्हेंबरातली कागदी पॉपी टिकली, कारण तिच्यामागे माजी सैनिकांची संस्था उभी आहे. स्टेशनात, सुपरमार्केटच्या दाराशी डबा घेऊन माणसं असतात. गुलाबामागे कोणीच नाही. सेंट जॉर्जच्या, म्हणजे इंग्लंडच्या, झेंड्याला राजकारणाचा वास लागल्यामुळे बिचकणारेही आहेत.

आणि कोट. बटनहोल करायचं म्हणजे देठ बोटभर ठेवून कापायचा, फुलाच्या बुडातून बारीक तार ओवायची, एक पान जोडायचं, हिरवी टेप घट्ट गुंडाळायची. चांगल्या शिवणीच्या कोटाला कॉलरवर खरं काज असतं आणि मागे देठ अडकवायला दोऱ्याचा छोटा फास. हल्लीच्या तयार कोटांचं काज नुसतं शिवून दाखवलेलं. फूल जाणार कुठून? आणि मुळात कामाला कोट घालून जातो कोण?

लोकांना फुलं नकोशी झालीत असंही नाही. तिसऱ्या रिचर्डचे अवशेष २०१२ मध्ये इथल्या एका कार पार्कखाली सापडले. मार्च २०१५ मध्ये त्याची शवपेटी मिरवणुकीने कॅथेड्रलला नेली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या लोकांनी तिच्यावर पांढरे गुलाब टाकले. पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या राजासाठी! निमित्त मिळालं की हात आपोआप फुलाकडे जातो.

म्हणून इंग्लंडातल्या मराठी मंडळांना एक सुचवते. आपल्या समारंभांना बायका हौसेने गजरे माळतात, पुरुष फेटे बांधतात. २३ एप्रिलला एकेक लाल गुलाबही लावा. पाहुण्याने यजमानाच्या घरचा सण मोडला, असं मग कोणाला म्हणता येणार नाही. फक्त दुकानात दोन दिवस आधी सांगून ठेवा. ऐन वेळी आलात तर गुलाब मिळेल, पण तार-टेप होईपर्यंत थांबावं लागेल.

आपली,
एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)