मिरगाच्या आत या चौघांना घर हवंय

बेळगावकरांनो आणि खानापूर, निपाणीकडच्या मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळाच्या कुत्र्यांच्या शेडवर सध्या चार कुत्री अशी आहेत, की लोक त्यांना बघतात, हळहळतात आणि शेजारचं गुटगुटीत पिल्लू घेऊन जातात. पिल्लाला घर मिळालं याचा आनंदच आहे. पण ही चौघं वर्षभर तिथंच आहेत, आणि मिरगाचा पाऊस धरला की शेडमध्ये घोटाभर पाणी साचतं. म्हणून हे आवाहन.

यांच्याआधी घर मिळालेल्या पांढरीच्या बाबतीत आम्हीसुद्धा आशा सोडली होती, हे आधी कबूल करतो. ती ठार बहिरी. पांढऱ्याशुभ्र कुत्र्यांत जन्मजात बहिरेपण जास्त आढळतं. हाक मारली तर वळायची नाही, झोपेत हात लागला की दचकून दात दाखवायची. 'चावरी आहे' म्हणून दोन घरांतून परत आली. शेवटी वडगावच्या एका विणकर घरातल्या मावशी आल्या. त्यांच्याकडे यंत्रमागांचा खडखडाट एवढा, की माणसंही एकमेकांशी हातवारे करूनच बोलतात. पांढरीला त्यांनी तेच शिकवलं. तळहात खाली केला की बस, बोटं हलवली की ये. उठवायचं असेल तर थोडं लांब उभं राहून जमिनीवर पाय आपटतात, हादरा तिला बरोबर कळतो. आज ती कांड्यांच्या टोपलीशेजारी निवांत पसरलेली असते. तिच्यात चावरेपण नव्हतंच, ती घाबरत होती. हे ओळखायला आम्हाला दोन घरं गमवावी लागली.

आता या चौघांविषयी.

राणी काकतीजवळ हायवेवर गाडीखाली सापडली. मागचा डावा पाय काढावा लागला. तीन पायांवर ती अशी पळते, की गेट उघडं राहिलं तर आपली दमछाक होते. वजन वाढू द्यायचं नाही आणि गुळगुळीत फरशीवर गोणपाट टाकायचं, एवढंच तिचं पथ्य. आणली तेव्हा आठवडाभर आम्ही 'ये, ये' करत होतो, ती मान वर करत नव्हती. मग दूध घालायला येणारा मुलगा सहज 'बा, बा' म्हणाला आणि तिची शेपटी हलली. तिला कुणीतरी कानडीतून भाकरी घातली होती.

काळू डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूच्या आजारातून वाचला. जबडा अजून उडतो, भात सांडत खातो. बघणाऱ्याला भीती वाटते, पण डिस्टेंपर माणसाला होत नाही. भुरीला जननेंद्रियाची गाठ होती, दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी ती पूर्ण गेली. तीही माणसाला लागणारी नव्हे, तरी लोक आजही तिच्यापासून दोन पावलं लांब उभे राहतात, आणि ते तिला कळतं. मोती म्हातारा आहे. घर बदलताना मालकानं त्याला मागं सोडलं. आता दिसत नाही, पण वासावर सगळं घर पाठ करतो. त्याची पाण्याची वाटी जागची हलवू नका, एवढीच विनंती.

चौघांची नसबंदी झाली आहे, रेबीजची लस टोचली आहे. पुढं दरवर्षीची लस तुम्ही चुकवायची नाही. पहिले काही दिवस कुत्रं कोपऱ्यात बसेल, जेवणार नाही. त्याला वेळ द्या, आम्ही घरी येऊन जाऊ. तरीही नाही जमलं तर आमच्याकडेच परत आणा, रस्त्यावर सोडू नका. घरातल्या सगळ्यांची आणि भाड्यानं राहत असाल तर घरमालकाची संमती आधी घ्या. शेतावर साखळीनं बांधायला राखणदार हवा असेल, तर कृपया येऊ नका.

घर देणं प्रत्येकाला जमत नाही, हे आम्ही जाणतो. त्यांनी जुने पत्रे, ताडपत्री, फळ्या, तांदूळ द्यावेत. शेडची जमीन दोन विटा उंच करायची आहे, गवंडीकाम येणाऱ्यानं एक दिवस दिला तरी मोठी मदत होईल. पैसे द्याल तर मंडळाची पावती मागून घ्या. ते औषधं आणि लशींवरच खर्च होतील, हिशेब शेडच्या फळ्यावर लिहिलेला असतो.

दर रविवारी सकाळी शेडवर या, मुलांनाही आणा. राणीला हाक मारताना मात्र 'बा' म्हणा.