आडवी बाटली आणि इथलं सरकारी दुकान

मालमो, स्वीडन

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

गावातलं दारूचं दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान घ्यावं, म्हणून तुम्ही बायकांनी सह्या सुरू केल्याचं कळलं. ‘तिकडे सरकारच दारू विकतं म्हणे, ते कसं चालतं?’ असं तू विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितेय.

इथेही दारूबंदीसाठी असं मतदान झालं होतं, तेही अख्ख्या देशाचं, 27 ऑगस्ट 1922 ला. बायकांच्या आणि पुरुषांच्या चिठ्ठ्या वेगळ्या मोजल्या. बहुतेक बायका बंदीच्या बाजूने, बहुतेक पुरुष विरोधात. 49 विरुद्ध 51 टक्क्यांनी बंदी हुकली. विरोधकांचं पोस्टर अजून प्रसिद्ध आहे: उकडलेल्या लाल क्रेफिशचं (झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला जीव) ताट आणि वर दरडावणारा माणूस, की हे खायचं तर दारू हवीच. आपल्याकडे मटणाचं निमित्त करतात, त्यातलाच प्रकार.

दारूचं रेशन मात्र होतंच. ‘मोटबूक’ नावाच्या पुस्तकात दर खरेदीची नोंद, महिन्याचा कोटा ठरलेला. लग्न झालेल्या बाईला पुस्तकच नाही. नवऱ्याचं आहे ना, मग झालं! हॉटेलात जेवण मागवल्याशिवाय पेग मिळत नसे. गोची अशी झाली की कोटा हा लोकांना हक्क वाटू लागला. कमी पिणाराही पुरता कोटा उचलायचा. 1 ऑक्टोबर 1955 ला रेशन उठलं, झिंगून पडणारे वाढले, मग सरकारने दारू महाग केली.

आता सगळी मदार सिस्टेमबोलागेट या सरकारी दुकानावर. किराणा दुकानात 3.5 टक्क्यांपर्यंतची बिअर मिळते, त्यापुढचं जवळजवळ सगळं इथेच. वयाची अट 20, आणि पंचविशीच्या आतला दिसला की ओळखपत्र मागतात. शनिवारी फार तर दुपारी 3 पर्यंत उघडं, रविवारी कुलूप. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी रांग. एका बाटलीची किंमत देशभर सारखी. पेटी घे नाहीतर एकच कॅन घे, दर तोच. ‘दोनावर एक फुकट’ हा प्रकारच नाही. बिअर साध्या कपाटात, कोमट. बाहेर पडल्यापडल्या कॅन फोडावासा वाटत नाही, हे मला आवडतं. झिंगलेल्याला आणि पोरांसाठी नेतोय असा संशय आला त्याला परत पाठवतात. विकणारा पगारी, जास्त बाटल्या खपवून त्याच्या खिशात काही पडत नाही. माझ्या मते खरी मेख हीच.

गळती आहेच. जर्मनीत स्वस्त, म्हणून लोक फेरीबोटीने जाऊन गाडी भरून आणतात. येताना स्टिअरिंगवर मात्र कोणी पिऊन बसू नये: रक्तातल्या दारूची इथली मर्यादा 0.2, आपली 0.3 प्रति हजार.

तुमच्याकडचा हिशोब तुला पाठ असेलच, तरी लिहिते. 800 महिला मतदार असतील तर अर्जाला 200 सह्या आणि आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त, म्हणजे 401 मतं. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीलाच, म्हणजे दुकान चालू ठेवायलाच मदत करते. सह्या काटेकोर घ्या. यादीत माहेरचं नाव आणि सही सासरच्या नावाने, अशी सही पडताळणीत अडकू शकते. आणि दुकान बंद झाल्यावर हातभट्टी कुठे लागेल, ती ठिकाणं आत्ताच लिहून ठेवा. पडताळणीची तारीख कळव.

तुझी,
भाची